बाहिय दारुचीरिय

गौतम बुद्धाचा समकालीन, शूर्पारकवासी साधक. ‘दारुचीरिय’ हे पालि विशेषण वल्कलधारी, म्हणजे झाडाच्या सालीचे वस्त्र नेसणारा, या अर्थाचे आहे. शूर्पारक (पालि : सुप्पारक) म्हणजे आजचे सोपारे. नालासोपारा रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस सोपारा गाव आणि तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखला जाणारा स्तूप आहे.

अट्ठकथांनुसार, म्हणजे पालि ग्रंथांवरील भाष्यांनुसार, सागरी व्यापारासाठी निघालेल्या बाहियाचे तारू फुटले. तो फळीच्या आधाराने या बंदराला लागला आणि अंगावर काहीच न उरल्यामुळे त्याने साली गुंडाळल्या. लोकांनी मात्र त्या वेषावरून त्याला अर्हत, म्हणजे आसक्तीतून पूर्ण मुक्त झालेला पुरुष मानले आणि हळूहळू त्यालाही तसेच वाटू लागले. एका देवतेने त्याचा हा भ्रम दूर केल्यावर तो तडक बुद्धाकडे श्रावस्तीला गेला, असे ‘उदान’ या पालि ग्रंथातील बाहियसुत्त सांगते.

तो पोहोचला तेव्हा बुद्ध भिक्षेसाठी नगरात गेला होता. भर रस्त्यात पाया पडून बाहियाने उपदेश मागितला. ही वेळ नव्हे, असे उत्तर दोनदा मिळाले, तरी आयुष्याचा भरवसा नाही म्हणून त्याने तिसऱ्यांदा विनवले. पाहण्यात केवळ पाहणे आणि ऐकण्यात केवळ ऐकणे उरावे, त्यात ‘मी’ कालवला जाऊ नये, अशा आशयाचा तो उपदेश होता. तेवढ्याने बाहिय मुक्त झाला आणि थोड्याच वेळात वासरू असलेल्या गाईच्या धडकेने मरण पावला. बुद्धाने त्याला भिक्षूंचा सब्रह्मचारी, म्हणजे धर्मजीवनातील सोबती म्हटले आणि दहनानंतर त्याचा स्तूप उभारायला सांगितले. ‘अंगुत्तरनिकाय’ या पालि ग्रंथात तर शीघ्र ज्ञान होणाऱ्यांत तो अग्रगण्य ठरतो.

सोपाऱ्याचाच पूर्ण हा बुद्धाचा शिष्य रीतसर दीक्षा घेऊन धर्मप्रसारासाठी मायदेशी परतला, म्हणून स्थानिक परंपरेत त्याचेच नाव अधिक ऐकू येते. बाहियाचे गुरुशिष्यनाते एका भिक्षाफेरीपुरते टिकले आणि, अट्ठकथांच्या मते, चीवर (भिक्षुवस्त्र) व पात्र शोधत असतानाच तो गेला. पात्राचा धागा सोपाऱ्यातही सापडतो : 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंडकांपैकी सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे निघाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे त्यांचे मत होते.