‘डॅझल’ : अर्थ आणि व्युत्पत्ती
‘डॅझल’ या इंग्रजी क्रियापदाचा आज रूढ असलेला अर्थ प्रखर प्रकाशाने डोळे दिपविणे असा आहे. ‘डेझ’ म्हणजे बधिर वा सुन्न करणे. या शब्दाला पौनःपुन्यदर्शक प्रत्यय लागून पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘डॅझल’ हे रूप सिद्ध झाले. ‘डेझ’चे मूळ प्राचीन नॉर्स भाषेत असून तेथे त्याचा संबंध थकून जाण्याशी आहे. त्यामुळे आरंभी हा शब्द प्रकाशाविषयी नव्हे, तर दृष्टी मंदावलेल्या डोळ्यांविषयी योजिला जाई. मराठीतही ‘डोळे दिपले’ या प्रयोगात कर्ता डोळेच असतात, हे साम्य लक्षणीय आहे.

सौंदर्याने, वैभवाने किंवा बुद्धिमत्तेने भारावून टाकणे, हा या शब्दाचा लाक्षणिक अर्थ होय. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, ब्रिटिश चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी जहाजांवर ठळक, तिरपे पट्टे रंगविण्याची पद्धत सुचविली. तीही ‘डॅझल’ याच नावाने ओळखली जाते. जहाज लपविणे हा तिचा हेतू नव्हता. शत्रूच्या पाणबुडीला त्याची दिशा व वेग अचूक कळू नये, एवढाच होता. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत समोरच्या चालकाला दिव्यांनी ‘डॅझल’ करण्यास आजही मनाई आहे.

सारांश, झगमगाट कितीही मोहक असला, तरी या शब्दाच्या मुळाशी पाहणाऱ्याला न दिसणे हेच आहे.