पशुपालन आणि ट्राउटचे ओढे

ट्राउट हा थंड, स्वच्छ पाण्यातला मासा. पाणी सुमारे 20° से.च्या वर तापले की त्याच्यावर ताण येतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात चराईची गुरे उन्हाळ्यात ओल्या गवतासाठी ओढ्याकाठीच ठाण मांडतात. खुरांनी काठ ढासळतात, वाळुंजाचे कोवळे फुटवे खाल्ले जातात आणि रुंद, उथळ झालेले पात्र सावलीविना तापते. सर्वांत घातक ठरतो तो गाळ: मादी खड्यांत खळगा करून अंडी घालते, खड्यांमधल्या फटी बुजल्या की अंडी आतल्या आत गुदमरतात. शेणमुताने शेवाळ माजते, रात्री प्राणवायू घटतो. कॅलिफोर्नियातील कर्न पठारावर सोनेरी ट्राउटच्या ओढ्यांचे असेच हाल झाले. 2001 मध्ये तेथील दोन चराऊ क्षेत्रांना विश्रांती देण्यात आली. कुंपण घातले व गुरांना पाणी दूर पाजले, तर काठ हिरवे होतात. रुंदावलेले पात्र मात्र सावकाशच सावरते.