ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस): काय जपायचे, काय सुधारायचे

इंग्लंडमध्ये कुणाच्या छातीत अचानक कळ आली तर घरचे लोक ९९९ हा क्रमांक फिरवतात. रुग्णवाहिका येते, रुग्णालयात तपासण्या होतात, गरज असेल तर अँजिओप्लास्टीही होते. दाखल करताना कोणी अनामत रक्कम मागत नाही आणि घरी जाताना बिल येत नाही. मात्र त्याच देशात गुडघ्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेसाठी महिनोन्महिने थांबावे लागते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच ही सेवा कशी टिकवायची, यावर तिथे सतत वाद चालू असतो.

ही सेवा कशी चालते?

एनएचएसची सुरुवात ५ जुलै १९४८ रोजी झाली. अन्युरिन बेव्हन हे तेव्हा आरोग्यमंत्री होते. सेवेचा बहुतेक खर्च करांतून भागतो. म्हणजे ती फुकट नाही. फरक एवढाच, की पैसे आजारपणात नव्हे तर आधीच, कमाईच्या मानाने भरलेले असतात.

प्रत्येक कुटुंब जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवते. बहुतेक आजार तिथेच हाताळले जातात. तज्ज्ञाकडे सहसा जीपीच्या चिठ्ठीनेच जाता येते. तातडीच्या आजारात मात्र थेट कॅज्युअल्टीत जाता येते.

सगळेच मोफत नाही. दातांचे उपचार आणि चष्मा यांना बहुतेक प्रौढांना पैसे पडतात. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या औषधांना ठरावीक शुल्क आहे. मुले, साठीपुढची माणसे व काही इतर गटांना त्यातून सूट आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे शुल्क नाही.

दुखणे कुठे आहे?

जीपीने चिठ्ठी दिल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, असा इंग्लंडमधला निकष आहे. १०० पैकी ९२ रुग्णांच्या बाबतीत तो पाळला जावा अशी अपेक्षा असते. गेली कित्येक वर्षे तो पाळला गेलेला नाही. प्रतीक्षा यादीतल्या नोंदी ७० लाखांच्या वर गेल्या आहेत.

रांग का लांबते, हे एका उदाहरणातून पाहू. एका आजींचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. आता त्या घरी जाऊ शकतात, पण घरी अंघोळ घालायला, जेवण द्यायला कोणी नाही. ही मदत एनएचएस देत नाही. ती स्थानिक पालिकेकडे आहे आणि रुग्णाचे उत्पन्न व बचत पाहून दिली जाते. मदतीची सोय होईपर्यंत आजी रुग्णालयातच राहतात. खाट अडल्यामुळे कॅज्युअल्टीतला रुग्ण ट्रॉलीवर पडून राहतो. आत जागा नाही म्हणून रुग्णवाहिका दाराशी थांबते. आणि तिकडे छातीत कळ आलेला दुसरा माणूस तिची वाट पाहत असतो. शेवटी फटका त्याला बसतो, पण अडथळा सुरू झाला आजींच्या घरी.

त्यातच गेल्या काही दशकांत इंग्लंडमधील रुग्णालयांच्या खाटा निम्म्याहून कमी झाल्या आहेत. लॉर्ड डार्झी या शल्यचिकित्सकांनी २०२४ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात सेवेची अवस्था गंभीर असल्याचे सांगितले. इमारती व यंत्रांवर कमी खर्च झाला आणि पैसा रुग्णालयांकडेच जास्त वळला, अशी त्यांची नोंद आहे.

उपाय कोणता?

‘थोडी फी लावा, म्हणजे गर्दी कमी होईल’ असे अनेकदा सुचवले जाते. डॉक्टर म्हणून मला हा उपाय चुकीचा वाटतो. फी पाहून गरज नसलेलाच माणूस परत जातो असे नाही. गरीब आणि म्हातारी माणसेही दुखणे अंगावर काढतात. मग साध्या मधुमेहाऐवजी पायाचे गँगरीन घेऊन रुग्ण येतो. तो उपचार महाग असतो आणि पायही जातो.

रांग कमी करायची तर तिच्या दोन्ही टोकांना काम हवे:

- जीपी, परिचारिका आणि वस्तीपातळीवरील सेवा वाढवणे, म्हणजे आजार लवकर सापडतील.
- वृद्धांसाठी घरच्या मदतीची सोय करणे, म्हणजे खाटा मोकळ्या होतील.
- खाटा, यंत्रे आणि कर्मचारी यांवर दरवर्षी नेमाने खर्च करणे.

आपला संबंध काय?

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भारतात भोर समितीने १९४६ सालीच, म्हणजे एनएचएस सुरू होण्याआधी मांडले होते. आपल्याकडे ते अर्धवट राहिले. उपचारांसाठी कर्ज काढणारी कुटुंबे आपण रोज पाहतो.

मुले ब्रिटनमध्ये असतील आणि आपण त्यांच्याकडे जाणार असाल, तर इंग्लंडमधील हे नियम लक्षात ठेवा. सहा महिन्यांपर्यंतच्या पाहुण्यांना जीपीची तपासणी आणि कॅज्युअल्टीतील उपचार यांचे पैसे पडत नाहीत. रुग्णालयात दाखल झाल्यावर मात्र सहसा ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. म्हणून निघण्यापूर्वी प्रवास विमा घ्या आणि त्यात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे जुने आजार न लपवता लिहा. नेहमीची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

एनएचएसमध्ये दोष पुष्कळ आहेत. पण आजारी माणसाच्या उशाशी पैशाचा प्रश्न येऊ न देणे, ही तिची खरी कमाई आहे. रांग कमी करताना ती गमावता कामा नये.