स्पॅनिश लोकांचें ऐक्य व त्याची किंमत

राष्ट्राचें ऐक्य कशांत असतें, या प्रश्नाचा विचार करणारांनीं स्पेनचा इतिहास अवश्य वाचावा, असें आम्हांस वाटतें. स्पॅनिश लोक हे कोणा एका कुळाचे वंशज नव्हत. आयबेरियन व केल्ट लोकांच्या त्या भूमींत फिनिशियन व्यापाऱ्यांनीं कादिझ बंदर वसविलें. इसवी सनापूर्वीं २१८ मध्यें रोमन फौजा तेथें उतरल्या. देश पुरता जिंकण्यास त्यांस सुमारें दोनशें वर्षें लागलीं, परंतु त्यांची भाषा अशी रुजली कीं आजची स्पॅनिश तिचीच कन्या होय. रोमनांमागून व्हिसिगॉथ आले, आणि ७११ सालीं तारिकचें मुसलमानी सैन्य आफ्रिकेंतून समुद्र ओलांडून आलें.

त्यापुढें सुमारें पावणेआठशें वर्षें मुसलमान, ख्रिस्ती व यहुदी त्या देशांत शेजारीं राहिले. हा सर्व काळ सलोख्याचा होता असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. लढाया व कत्तली त्यांतही झाल्या. तथापि विद्येची देवघेव थांबली नाहीं. टोलेडो शहर १०८५ सालीं ख्रिस्ती राजानें जिंकलें, तरी तेथील अरबी ग्रंथ त्यानंतरही वाचले जात होते. बाराव्या शतकांत क्रेमोनाचा जेरार्ड हा इतालियन पंडित टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथासाठीं तेथें आला व त्यानें तो अरबीवरून लॅटिनमध्यें उतरविला. आपल्या देशांत जन्मलेले अंक ज्यांत आढळतात, असें पश्चिम युरोपांतील सर्वांत जुनें ज्ञात हस्तलिखितही ९७६ सालीं स्पेनमधील अल्बेल्डा येथील ख्रिस्ती मठांतच तयार झालें.

१४९२ च्या जानेवारींत ग्रानाडा पडलें. तेथील मुसलमानांस स्वधर्म पाळण्याचें अभय तहांत दिलें होतें. परंतु ३१ मार्च रोजीं फर्डिनंड व इसाबेला यांनीं यहुद्यांस आज्ञा केली कीं, जुलैअखेर बाप्तिस्मा घ्या, नाहीं तर देश सोडा. १५०२ सालीं कॅस्टिलच्या राज्यांतील मुसलमानांपुढेंही असाच पर्याय ठेवण्यांत आला. जे बाटले त्यांचे वंशज मोरिस्को म्हणविले गेले. आणि कित्येक पिढ्या ख्रिस्ती म्हणून नोंदल्या गेलेल्या या सुमारें तीन लक्ष लोकांनाही १६०९ ते १६१४ या काळांत हांकून देण्यांत आलें. व्हॅलेन्शिया प्रांतांत गांवेंच्या गांवें ओस पडलीं.

ऐक्यासाठीं हें करणें प्राप्तच होतें, असें समर्थन केलें जातें. तर मग तें ऐक्य साधलें काय? अवघ्या एका पिढींत, १६४० सालीं, कॅटलोनियानें बंड केलें व पोर्तुगाल फुटून निघाला. हे दोन्ही प्रांत कॅथॉलिकच होते. पुढें १९३६ ते १९३९ या यादवींत लाखों माणसें मेलीं, तीं तर एकमेकांचीच भावंडें होतीं. परका काढून टाकला म्हणजे घरांतील कलह मिटतो, ही समजूत स्पेननें स्वतःच्या अनुभवानें खोटी ठरविली आहे.

शिवाय घालविलेले लोक पुरते गेलेच नाहींत. स्पॅनिश शेतकरी पाटाला 'असेकिया' म्हणतो, तो शब्द अरबी. साखरेला तो 'अथूकार' म्हणतो. तो शब्दही अरबांकडूनच आला, आणि त्याचें मूळ आपल्या 'शर्करा' या शब्दांत आहे. उलट, हद्दपार यहुद्यांच्या वंशजांनीं सालोनिका व कॉन्स्टँटिनोपल येथें शतकानुशतकें स्पॅनिश बोली जतन केली. ज्या देशानें त्यांस आपलें मानलें नाहीं, त्याची भाषा त्यांनीं आपली मानली.

१४९२ ची ती आज्ञा १९६८ सालीं औपचारिक रीतीनें रद्द झाली, व २०१५ च्या कायद्यानें त्या यहुद्यांच्या वंशजांस कांहीं वर्षें नागरिकत्वाचा मार्ग खुला करून दिला. मोरिस्कोंच्या वंशजांस मात्र त्या कायद्यांत स्थान मिळालें नाहीं. अन्यायाचें परिमार्जन करितांनाही एकास आंत घेऊन दुसऱ्यास उंबरठ्याबाहेर ठेवण्याची संवय किती चिवट असते, हें यावरून दिसतें. स्पेनचा दोष दाखविणें सोपें आहे. त्याच्या इतिहासांत आपलें तोंड पाहणें अधिक उपयोगाचें, असें आम्ही समजतों.