रिकाम्या छिद्रांची साक्ष

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी मोटारीचे बॉनेट उघडले, की काही छिद्रे निरुपयोगी भासतात. डाव्या-उजव्या स्टिअरिंगसाठी सांगाडा एकच. म्हणून इंजिनामागील पत्र्यात पेडलांची जागा दोन्हीकडे, नको ती झाकणाने बंद. १९६७पर्यंतच्या गाड्यांत डायनामो असे. त्याचा नियंत्रक डबा बाजूच्या पत्र्यावर स्क्रूने बसे. पुढे एखाद्या मालकाने अल्टरनेटर बसवला, की डबा जाई आणि छिद्रे उरत. हौशी दुरुस्तीत ती वेल्डिंगने बुजवली जातात. कागदपत्रे हरवलेल्या गाडीचा पुरावाच तेथे पुसला जातो! त्याआधी कडा तपासावी. छिद्राच्या आत मूळ रंग असेल, तर ते कारखान्यातले. उघडा पत्रा असेल, तर बहुधा नंतरचे. गाडी पुन्हा रंगवलेली असल्यास मात्र ही खूण फसवी.