पंखागति-नियंत्रण, स्वयंचलित
घरगुती सर्व्हरमधील प्रोसेसर व हार्ड डिस्क यांचे तपमान मोजून तदनुसार पंख्याचा वेग, आणि ओघानेच त्याचा आवाज, आपोआप कमीअधिक करण्याची योजना. चार तारांच्या पंख्यास 12 व्होल्टचा पुरवठा अखंड असतो. वेगाचा हुकूम सुमारे 25 किलोहर्ट्झच्या स्पंदांची रुंदी बदलून दिला जातो आणि फेऱ्यांची वर्दी निराळ्या तारेने परत येते. लिनक्समध्ये हा कारभार ‘फॅनकंट्रोल’ पाहतो. वेग निम्मा केला असता हवेचा प्रवाहही निम्मा होतो, परंतु लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते व आवाज सुमारे 15 डेसिबेलने उतरतो; म्हणून लहान पंखा सुसाट फिरविण्यापेक्षा मोठा पंखा संथ फिरविणे केव्हाही श्रेयस्कर. क्षणोक्षणी चढउतार करणारा पंखा एकसुरी घरघरीहून अधिक छळतो, यास्तव वेग वाढविण्याचे व घटविण्याचे तपमान भिन्न ठेवतात.

पंखा यंत्रास खोलीतील हवेहून थंड करू शकत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सपाटीवर, उन्हाळ्यात पारा 40 अंश सेल्सिअस ओलांडतो. तेथे हिवाळ्यात ठरविलेली वेगमर्यादा वैशाखात अपुरी पडते व ती नव्याने बसवावी लागते. त्याच जिल्ह्यात, हजार मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळास, तोच संच संथ पंख्यावर भागवतो.