उधारीच्या दाव्यात बाजू मांडायलाही परवानगी लागते, ती कशी मिळते?

थकलेल्या पैशांसाठी समोरचा व्यापारी कोर्टात गेला की अनेकांना वाटतं, आता तारखा पडत राहतील, म्हणणं मांडायला भरपूर वेळ आहे. पण दावा ‘समरी सूट’ म्हणजे संक्षिप्त दावा असेल, तर हा समज महागात पडतो. इथे प्रतिवादीला बचावाचा हक्क आपोआप मिळत नाही. आधी कोर्टाची परवानगी, म्हणजे ‘लीव्ह टू डिफेंड’ घ्यावी लागते.

समरी सूट कधी होतो?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या ऑर्डर ३७ मध्ये ही तरतूद आहे. चेक, हुंडी, वचनचिठ्ठी, लेखी करार किंवा लेखी हमी यांवर आधारित ठरावीक रकमेसाठी असा दावा करता येतो. कागदावर देणं स्पष्ट असेल तर वसुली वर्षानुवर्षं रखडू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

व्यापारी वादाची रक्कम किमान ३ लाख रुपये असेल तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर त्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. मध्यस्थीची नोटीस आली तर जरूर जा. तडजोडीची ही चांगली संधी असते.

१० दिवस, दोन वेळा

१. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत स्वतः किंवा वकिलामार्फत कोर्टात हजेरी नोंदवायची आणि नोटिशीसाठी पत्ता द्यायचा.

२. त्यानंतर वादी ‘समन्स फॉर जजमेंट’ बजावतो. ते मिळाल्यापासून १० दिवसांत शपथपत्रासह बचावाच्या परवानगीचा अर्ज करायचा.

पहिली पायरी चुकली तर दाव्यातला मजकूर तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं. दुसरी चुकली तरी वादी लगेच हुकूमनामा मागू शकतो. मग पुढे वसुलीची दरखास्त आणि मालमत्तेची जप्ती. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट तो माफ करू शकतं, पण त्यावर विसंबून राहू नये.

शपथपत्रात काय हवं?

‘दावा खोटा आहे, मला मान्य नाही’ एवढं पुरत नाही. तारखा, रकमा आणि कागद हवेत.

समजा, इचलकरंजीतल्या एका यंत्रमागधारकाने लेखी कराराने १८ लाखांचं सूत घेतलं. त्यातलं ५ लाखांचं सूत खराब निघालं. तेव्हाच पाठवलेली तक्रार, माल परत केल्याची पावती, बँकेचा उतारा हे सगळं त्याने जोडलं, तर त्या ५ लाखांबाबत त्याच्या बचावात दम आहे. पण उरलेले १३ लाख देणं आहे हे तो मान्य करत असेल, तर ते कोर्टात भरल्याशिवाय त्याला परवानगी मिळणार नाही.

कोर्ट काय ठरवतं?

‘आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन’ या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचे निकष मांडले. थोडक्यात:

• बचाव भक्कम, किंवा तपासण्याजोगा आणि रास्त असेल तर साधारणपणे विनाअट परवानगी
• प्रतिवादीच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका असेल तर पैसे किंवा तारण भरण्यासारख्या अटींवर परवानगी
• बचाव शक्य, पण पटण्यासारखा नसेल तर मुद्दल आणि व्याजाची सगळी रक्कमही भरायला लावता येते
• बचाव पोकळ किंवा निव्वळ त्रास देण्यासाठी असेल तर परवानगी नाही, थेट हुकूमनामा

अट घातली आणि ती मुदतीत पाळली नाही, तरीही हुकूमनामा होऊ शकतो.

एकतर्फी हुकूमनामा झालाच तर?

तो रद्द करायला अर्ज करता येतो, पण ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते. समन्स मिळालंच नव्हतं, हे त्याचं एक उदाहरण. शिवाय आपल्याकडे खरा बचाव आहे, हेही पटवून द्यावं लागतं.

म्हणून समन्स हातात पडलं की त्यावर मिळाल्याची तारीख लिहा, ‘ऑर्डर ३७’ असा उल्लेख आहे का ते पाहा आणि बिलं, पावत्या, मेसेज घेऊन त्याच आठवड्यात वकील गाठा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. पात्र व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो.